हातांच्या दुखापती : कारखान्यात, शेतात आणि घरात घ्यावयाची खबरदारी

कारखाना असो, शेत असो वा स्वयंपाकघर, प्रत्येक कामात सर्वांत पुढे असतो तो हात. साहजिकच इजाही प्रथम त्यालाच होते. ज्यांचे हातावर पोट आहे, असे आपण ज्यांच्याविषयी म्हणतो, त्यांच्या बाबतीत तर हा वाक्प्रचार शब्दशः खरा असतो. एक अंगठा किंवा दोन बोटे गमावलेल्या कामगाराला पूर्वीचे काम पुन्हा मिळेलच, याची शाश्वती नसते.

अपघाताची नोंद करताना कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहून मोकळे होण्याची रीत जुनी आहे. यंत्रशाळेच्या भिंतीवर ‘सावधान’ असा फलक लावला की कर्तव्य पूर्ण झाले, अशीही अनेक ठिकाणी समजूत असते. मात्र हे कारण अपुरे आहे. मिनिटाला दहा वेळा यंत्रात हात घालून सुटा भाग ठेवणारा कामगार आठ तासांच्या पाळीत ४,८०० वेळा ती कृती करतो. इतक्या वेळा न चुकता लक्ष टिकवणे कोणत्याही माणसाला शक्य नाही. त्यामुळे सावधगिरीचा उपदेश करण्यापेक्षा, लक्ष विचलित झाले तरी हात धोक्याच्या जागी पोहोचणारच नाही, अशी व्यवस्था करणे हा हातांच्या सुरक्षेचा मूळ नियम मानला जातो. घरातील विळीपासून मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या प्रेसपर्यंत तो सर्वत्र लागू पडतो.

हाताची रचना

मनगटासह प्रत्येक हातात २७ हाडे असतात. त्यांपैकी ८ मनगटात, ५ तळहातात आणि १४ बोटांमध्ये असतात. विशेष म्हणजे बोटे वाकवणारे स्नायू बोटांत नसतातच. ते प्रामुख्याने कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात आणि दोरीसारख्या लांब कंडरांच्या साहाय्याने बोटांची हालचाल घडवून आणतात. या कंडरा, रक्तवाहिन्या आणि संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू बोटांमध्ये त्वचेच्या अगदी जवळून जातात. म्हणून वरून किरकोळ भासणारी जखमही आत बरेच काही तोडून गेलेली असू शकते.

तुटलेला मज्जातंतू शस्त्रक्रियेने जोडल्यानंतर त्याची वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने होते. मनगटाजवळ तुटलेल्या मज्जातंतूची संवेदना बोटाच्या टोकापर्यंत परतण्यास त्यामुळे सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि ती पूर्ववत होईलच असे नाही.

पॉवर प्रेस : बोटे जाण्याचे प्रमुख ठिकाण

मानेसर, फरिदाबाद, लुधियाना, पिंपरी-चिंचवड यांसारख्या औद्योगिक पट्ट्यांत लहानमोठ्या हजारो यंत्रशाळा आहेत. पत्र्याला आकार देणारे पॉवर प्रेस हे तेथील नित्याचे यंत्र. खालच्या साच्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, पायाने पॅडल दाबायचे, वरचा साचा खाली येऊन तुकड्याला आकार देतो, मग तयार भाग काढून घ्यायचा, असे त्याचे काम चालते. ठेवणे आणि काढणे ही दोन्ही कामे हातानेच होत असतील, तर प्रत्येक फेरीत बोटे दोन साच्यांच्या मध्ये जातात.

वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतील अशा अपघातांचा पाठपुरावा करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ या संस्थेने २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल प्रसिद्ध केले आहेत. पॉवर प्रेस हे बोटे गमावण्याचे सर्वांत मोठे कारण असल्याचे हे अहवाल दाखवतात. प्रेसवर जखमी झालेल्या कामगाराने सरासरी दोनच्या आसपास बोटे गमावल्याचेही त्यांत नमूद आहे. नामांकित कंपन्यांचे मुख्य कारखाने तुलनेने सुरक्षित असतात, परंतु त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या पुरवठादारांकडे, म्हणजे साखळीच्या खालच्या टोकाला, परिस्थिती वेगळी असते.

येथे यंत्राच्या रचनेतील एक बाब समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या पद्धतीच्या प्रेसमध्ये खिळीचा क्लच असतो. एकदा पॅडल दाबले की गतिचक्र एक पूर्ण फेरी करते आणि साचा खाली येऊनच थांबतो. मधेच त्याला थांबवता येत नाही. क्लचची खिळी किंवा स्प्रिंग झिजली असेल, तर पॅडल न दाबताही साचा दुसऱ्यांदा खाली येऊ शकतो. तयार भाग उचलण्यासाठी हात आत असताना हे घडले, तर कामगाराची कोणतीही चूक नसताना बोटे चिरडली जातात. अशा अपघातालाही ‘निष्काळजीपणा’ म्हटले जात असेल, तर तो कोणाचा, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

नव्या प्रेसमध्ये हवेच्या दाबावर चालणारा घर्षण क्लच असतो आणि साचा कोणत्याही क्षणी थांबवता येतो. अशा यंत्रावर प्रकाशकिरणांचा पडदा बसवतात. किरणांच्या आड हात आला की यंत्र थांबते. हा पडदा साच्यापासून किती अंतरावर असावा, याचे गणित ठरलेले आहे. त्यासाठी हाताचा वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर धरण्याची पद्धत आहे. यंत्र थांबण्यास ०.३ सेकंद लागत असतील, तर तेवढ्या वेळात हात ४८ सेंटिमीटर पुढे गेलेला असेल. म्हणजेच पडदा किमान तेवढा दूर हवा. साच्याला खेटून बसवलेला पडदा कामगाराला केवळ खोटा दिलासा देतो. खिळीच्या क्लचच्या जुन्या प्रेसवर तर असा पडदा निरुपयोगीच ठरतो, कारण धोका कळला तरी ते यंत्र थांबू शकत नाही. तेथे साच्याभोवती पक्की जाळी, तुकडा आत सरकवण्यासाठी घसरपट्टी, आणि उचलण्यासाठी लांब चिमटा किंवा चुंबकी दांडी हेच उपाय उरतात.

जाळीच्या फटींचाही नियम आहे. सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतून प्रौढ व्यक्तीचे बोट सहसा आत शिरत नाही. फट जितकी मोठी, तितकी जाळी धोक्याच्या जागेपासून दूर असली पाहिजे.

पॅडलऐवजी दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची दोन बटणे बसवणे हाही परिणामकारक उपाय आहे. दोन्ही हात बटणांवर असले, की ते साच्यात असू शकत नाहीत. परंतु उत्पादन वाढवण्यासाठी एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवण्याचे प्रकार घडतात. कधी हे काम कामगार स्वतः करतो, कधी पर्यवेक्षकाच्या संमतीने होते. नगावर मजुरी ठरत असेल, तर सुरक्षेचे साधन हा कमाईतील अडथळा वाटू लागतो, हे वास्तव लक्षात घेतल्याशिवाय कोणतीही उपाययोजना टिकत नाही.

कायद्यातील तरतुदी

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ नुसार यंत्रांच्या धोकादायक भागांना भक्कम संरक्षक आवरण असणे बंधनकारक करण्यात आले होते. कलम २२ मध्ये चालू यंत्राची तपासणी किंवा वंगण देण्याचे काम केवळ विशेष प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगाराकडून, तेही घट्ट बसणारे कपडे घालूनच करून घेण्याची अट होती. हे कपडे मालकाने पुरवावयाचे होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून जुन्या कायद्याची जागा तिने घेतली आहे. विजेवर चालणारी यंत्रशाळा ‘कारखाना’ या व्याख्येत येण्यासाठी मूळ कायद्यात किमान १० कामगारांची अट होती, ती या संहितेत २० करण्यात आली आहे. बोटे गमावण्याचे प्रसंग लहान यंत्रशाळांत वारंवार घडतात, हे पाहता या बदलाकडे लक्ष ठेवणे गरजेचे आहे.

हातमोजे केव्हा घालू नयेत

हातांचे रक्षण म्हणजे हातमोजे, असे सरसकट समीकरण मांडले जाते. काच, पत्रा, धारदार कडा, गरम वस्तू, रसायने यांच्याशी संबंधित कामात हातमोजे आवश्यकच आहेत, परंतु प्रत्येक कामाचे हातमोजे वेगळे असतात. कापडी हातमोजा आम्लापासून वाचवत नाही, उलट ते शोषून त्वचेला लावून ठेवतो. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ते तासन्‌तास हाताला लागून राहिल्यास त्वचा भाजल्यासारखी होते, आणि सुरुवातीला वेदना जाणवत नसल्याने गवंडीकाम करणाऱ्यांच्या हे उशिरा लक्षात येते. तेथे रबरी हातमोजे हवेत.

याउलट ड्रिल, लेथ किंवा कोणत्याही उघड्या फिरत्या भागाजवळ हातमोजे घालू नयेत. फिरत्या टोकाने मोज्याचा एक धागा पकडला, तरी संपूर्ण हात आत ओढला जातो. उघड्या बोटाला कदाचित खरचटले असते, तेथे मोज्यामुळे बोट किंवा मनगट जाते. सैल बाही, उपरणे, ओढणी, बांगड्या, मनगटातील धागे आणि अंगठी यांचाही धोका तोच. पट्ट्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीत आणि रसवंतीच्या चरकावरही हे लक्षात ठेवले पाहिजे.

अंगठीचा धोका केवळ यंत्रापुरता नाही. ट्रकमधून उडी मारताना किंवा फाटकावरून उतरताना अंगठी खिळ्यात वा कडीत अडकली, तर शरीराच्या वजनाने बोटाची त्वचा रक्तवाहिन्यांसह सोलली जाते. अशी बोटे वाचवणे शल्यविशारदांना फार कठीण जाते. कामाला लागण्यापूर्वी अंगठी काढून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

यंत्रात काही अडकले, तर ते काढण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा, एवढे सांगून भागत नाही. दुसऱ्या कोणी कळ दाबली तर? म्हणून मुख्य कळीला कुलूप लावून किल्ली दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी, अशी पद्धत चांगल्या कारखान्यांत पाळली जाते. वीज बंद झाल्यावरही जड चाक काही काळ फिरतच राहते. ते पूर्ण थांबल्याखेरीज हात घालू नये.

मळणी यंत्र आणि कडबा कुट्टी

गव्हाच्या हंगामात मळणीचे काम रात्री उशिरापर्यंत चालते. थकवा, अपुरा उजेड आणि धूळ अशा स्थितीत पेंढी आत सारताना तिच्याबरोबर हातही ओढला गेल्याचे अपघात उत्तर भारतात हरितक्रांतीनंतर इतके वाढले, की १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला. विजेवर चालणारे मळणी यंत्र हा त्याचा मुख्य विषय होता. भारतीय मानकांनुसार पेंढी सारण्याची पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब असावी आणि त्यातील ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा. कारण सरळ आहे : हाताची लांबी फिरत्या ढोलापर्यंत पोहोचू नये. यंत्र विकत किंवा भाड्याने घेताना शेतकऱ्याने टेप लावून ही मापे तपासावीत. पन्हळ आखूड असलेले यंत्र स्वस्त मिळत असले, तरी ते घेऊ नये.

कडबा कुट्टी यंत्राचा प्रश्न वेगळा आहे. येथे जखमी होणाऱ्यांत लहान मुलांची संख्या लक्षणीय असते. हाताने फिरवण्याचे यंत्र अंगणात किंवा गोठ्यात उघडेच असते. एक मूल चाक फिरवते, दुसरे गवत म्हणून बोटे पुढे करते. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील गावांतून अशा अपघातांचा अभ्यास करून सुरक्षित रचनेचे यंत्र विकसित केले होते. रुळांच्या अलीकडे हाताला अडवणारे आवरण, पात्यांवर झाकण आणि काम संपल्यावर चाक जागीच अडकवून ठेवणारी कडी, असे हे साधे बदल होते. गावातील लोहारही ते करून देऊ शकतो. तेही शक्य नसेल, तर चाकाला साखळी घालून कुलूप लावावे.

घरातील धोके

घरात सुरक्षा निरीक्षक नसतो. बोथट पाते अधिक धोकादायक असते, हे अनेकांना पटत नाही, परंतु बोथट सुरीवर जास्त जोर द्यावा लागतो आणि ती घसरली की हात आवरत नाही. विळी वापरून झाल्यावर पाते आडवे करून ठेवावे. मिक्सरच्या भांड्यात अडकलेले वाटण काढताना कळ बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा. फुटलेल्या काचेचे तुकडे हाताने गोळा करू नयेत. दाराच्या बिजागरीच्या बाजूची फट हे लहान मुलांची बोटे चिरडण्याचे नेहमीचे ठिकाण आहे, आणि वाऱ्याने आपटणाऱ्या दारांना अडसर लावणे हा त्यावरील सोपा उपाय.

मोटारसायकल स्टँडवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत फडक्याने साखळी पुसण्याची सवय मात्र तातडीने सोडून देण्याजोगी आहे. फडके साखळीबरोबर दात्यात ओढले जाते आणि बोटाची टोके क्षणार्धात तुटतात. साखळी इंजिन बंद करून, चाक हाताने थोडे थोडे फिरवत पुसावी.

संक्रांतीच्या सुमारास नायलॉनच्या मांजाने पतंग उडवणाऱ्यांची बोटे खोलवर कापली जातात. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी अशा मांजावर देशभर बंदी घातली, तरीही तो मिळतो. दिवाळीत न उडालेला फटाका पुन्हा पेटवण्यासाठी हातात घेऊ नये.

ज्यांच्या हातांची संवेदना कमी झाली आहे, त्यांची काळजी अधिक घ्यावी लागते. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांच्या हातांवर काम केले. रुग्णांची बोटे रोगामुळे आपोआप झडत नसून, वेदना न जाणवल्यामुळे होणाऱ्या भाजण्या-कापण्याच्या इजांमुळे झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले. दीर्घकाळच्या मधुमेहातही हातापायांची संवेदना मंदावते. अशा व्यक्तींनी गरम भांडे कधीही उघड्या हाताने धरू नये, आणि रोज झोपण्यापूर्वी दोन्ही हात उजेडात तपासावेत.

इजा झाल्यास

रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने जखमेवर थेट दाब द्यावा, तो किमान दहा मिनिटे मधे न उघडता कायम ठेवावा आणि हात उंच धरावा. बोटाला दोरा आवळून बांधू नये. हळद, कुंकू, कॉफीची पूड, तंबाखू जखमेत भरू नये. त्यामुळे रक्त थांबल्यासारखे वाटले, तरी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि डॉक्टरांना जखम पाहणेही कठीण होते. सूज येण्यापूर्वी अंगठी व बांगड्या काढाव्यात. भाजल्यास वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे हात धरावा. बर्फ, टूथपेस्ट, तूप किंवा शाई लावू नये. धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

जखम लहान असली तरी बोट बधिर वाटत असेल किंवा वाकत वा सरळ होत नसेल, तर मज्जातंतू किंवा कंडरा तुटली असण्याची शक्यता असते. केवळ टाके घालून घरी परतू नये. ग्रीस गन किंवा रंगाच्या फवारणी यंत्रातून तीव्र दाबाने द्रव बोटात शिरल्यास वर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची अवस्था आहे. काही तासांचा उशीरही बोट गमावण्यास कारणीभूत ठरू शकतो.

बोट तुटून वेगळे झाले, तर ते फेकून देऊ नये. १९६५ मध्ये जपानमधील नारा येथे पूर्णपणे तुटलेला अंगठा सूक्ष्मशस्त्रक्रियेने पुन्हा जोडण्यात आला. आता भारतातील मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांत अशी शस्त्रक्रिया होते. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा, पिशवीचे तोंड घट्ट बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फाचा त्या भागाला थेट स्पर्श होता कामा नये, कारण गोठल्याने पेशी मरतात. तो भाग नुसत्या पाण्यात किंवा दुधात बुडवूनही ठेवू नये. मनगटाच्या वरून हात तुटला असेल, तर त्यात स्नायू असल्याने वेळ फार कमी असतो आणि सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. बोटांना त्याहून अधिक अवधी मिळतो, मात्र ती थंड ठेवलेली असतील तरच. निघण्यापूर्वी रुग्णालयाला दूरध्वनी करून तेथे ही सोय आहे का, हे विचारल्यास एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरण्याचा वेळ वाचतो.

उपचारानंतरचा काळ आणि भरपाई

जोडलेली कंडरा पूर्ण भार पेलण्यास साधारणपणे १२ आठवडे लागतात. या काळात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बोटांचे व्यायाम केले नाहीत, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही बोट ताठ राहते. रोजंदारी बुडते म्हणून अनेक कामगार त्याआधीच कामावर रुजू होतात.

कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगाराला अशा तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. कायमस्वरूपी अपंगत्वासाठी, कमावण्याची क्षमता किती टक्के घटली, यावर रक्कम ठरते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गमावल्यास ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४, मधले बोट गेल्यास १२, अनामिका किंवा करंगळी गेल्यास ७, आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के असे प्रमाण देण्यात आले होते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरणाऱ्या १८ ते ७० वयोगटातील बँक खातेदारास एक हात कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून राबवली जात असून, अपघातात एक अवयव निकामी झाल्यास तीतही १ लाख रुपयांची तरतूद आहे.

कामगारांनी याबाबतीत एक गोष्ट आधीच तपासून घ्यावी. अनेकांना राज्य विमा योजनेचे ई-पहचान पत्र नोकरीला लागताना नव्हे, तर अपघात झाल्यानंतरच मिळाल्याचे ‘क्रश्ड’ अहवालांत वारंवार नोंदवले गेले आहे. हे पत्र नियुक्तीच्या वेळीच मागून घ्यावे आणि त्यावरील नाव, जन्मतारीख व कुटुंबीयांचा तपशील आधार पत्राशी जुळतो की नाही, ते पाहावे. अपघात झाल्यास त्याची लेखी खबर मालकाला त्याच दिवशी द्यावी आणि तिची पोच देणारी प्रत स्वतःजवळ ठेवावी. लिहिणारा हात जखमी असेल, तर सहकाऱ्याने दिलेली खबरही चालते.